अकरा तिफणी

चार दिवसांपासून मुकुंदचे हात स्वच्छ होते.

गोपिकाबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. तो जेवायला बसला की त्यांची नजर आधी त्याच्या नखांवर जाई. तीस वर्षांचा मुलगा, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपात फिटर. गेली पाच वर्षं त्याची नखं कधी ऑइलनं काळी, तर कधी गंजानं तांबडी. राखेनं घासा, रॉकेलनं पुसा, रेघांमधलं तांबडं काही हलायचं नाही. "अरे, नैवेद्याच्या ताटाला तरी ते हात लावू नको," असं त्या कितीदा म्हणाल्या असतील. आता ते हात धुतल्या तांदळासारखे झाले होते, आणि समोर येईल ते निमूट खात होते. काल भाजीत मीठच पडलं नव्हतं. त्यानं ती संपवली, पाणी प्यायला आणि उठला.

माणूस रागावला तर त्याची समजूत घालता येते. रडला तर पाठीवरून हात फिरवता येतो. हा नुसताच नीटनेटका झाला होता. आणि तो असा का झाला, हे शहरातल्या साऱ्या महाल वस्तीत एकट्या गोपिकाबाईंना ठाऊक होतं. कारण ते त्यांनीच केलं होतं.

मुकुंदची हकिगत तशी मोठी नाही. वडील रुपराव गेले तेव्हा तो बारा वर्षांचा. गोपिकाबाई अठ्ठेचाळीस सालच्या बी.ए., मौद्याकडच्या त्यांच्या कुणबी भावकीत पहिल्याच. मुलींच्या शाळेत नोकरी होती, महालात दोन खोल्या आणि पुढे फाटकाचं अंगण होतं. मुलगा इंजिनिअर व्हावा एवढंच त्यांनी मागितलं होतं. मुलगा मॅट्रिकला गणितात दोनदा आपटला आणि आय.टी.आय.त गेला. तिथं मात्र त्याच्या बोटांना डोळे फुटले. पहिल्या पगारात त्यानं सूक्ष्म माप घ्यायचा व्हर्निअर घेतला आणि तो पेनासारखा खिशाला लावून हिंडू लागला. वर्कशॉपात त्याचं नावच 'व्हर्निअर' पडलं. गोपिकाबाईंनी मनाची समजूत घातली की चला, इंजिनिअरचा धाकटा भाऊ तर झाला.

चौऱ्याहत्तर साली वर्कशॉपानं त्याला मौद्यापलीकडच्या एका गावी ट्रॅक्टर दुरुस्तीला पाठवलं. गावात लग्न होतं. मांडवामागं आचाऱ्यानं मोठी चूल पेटवली होती आणि तिच्यात सरपण म्हणून एका तिफणीचं खोड घातलं होतं. तीन फणांनी एका वेळी तीन ओळी पेरायचं ते लाकडी औत. वर बी सोडायचं वाटीसारखं चाडं, खाली बांबूच्या तीन नळ्या. मुकुंदनं लहानपणी आजोबांच्या शेतात तिच्यामागं धावाधाव केलेली. चुलीशेजारी एक म्हातारा विडी ओढत बसला होता.

"लोक तिफण जाळून राहिले, अन् तुम्ही नुसतं पाहून राहिले?" मुकुंद म्हणाला.

"मंग काय करू गा? माह्याच हातची हाये," म्हातारा म्हणाला. "बाभूळ मोठी नामी होती. पाहाय ना, कशी जळून राहिली. जराही धूर नाई."

हा धोंडबा वाढई, गावचा सुतार. त्यानं त्या दिवशी मुकुंदला जे सांगितलं, ते मुकुंदनं घरी येऊन हात न धुताच आईला सांगितलं. प्रत्येक गावची तिफण वेगळी असते. जमीन किती भारी, पाणी किती धरते, त्यावरून दोन फणांमधलं अंतर ठरतं आणि फण किती कलता बसवायचा तेही ठरतं. मग त्या ओळींमधून तण काढायला जो डवरा फिरतो, त्याचं पातं त्याच अंतराचं लागतं. बोटभर रुंद झालं तर तणाबरोबर पीकही कापून निघतं. म्हणून तिफण आणि डवरे एकाच वाढयाच्या हातचे असतात, एका घरात जन्मल्यासारखे. धोंडबाच्या घराण्यात हे माप कागदावर नव्हतंच. एक वीत आणि तीन बोटं, आणि छिद्र पाडताना मनगट किती मोडायचं ते मनगटालाच ठाऊक.

"कळतं का तुला, आई? सगळं माप हातात. टेप नाही, काही नाही," मुकुंद म्हणाला होता.

"कळलं. आता हात धू," त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून त्याचे रविवार इतवारी बाजारातल्या कबाड्यांकडे, भंगारवाल्यांकडे जाऊ लागले. गावोगावी ट्रॅक्टर येत होते, विहिरींवर मोटारी बसत होत्या आणि जुनी औतं गाड्या भरभरून शहरात येत होती. कबाड्याकडे आलेल्या औताचं मरण ठरलेलं. लोखंड भट्टीत, लाकूड चुलीत. मुकुंद त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायचा. लोखंडी मोट, चाडी, वखर, डवरे यांपैकी जे धड असेल ते सायकलला बांधून आणायचा, खडूनं त्यावर गावाचं नाव लिहायचा. एखाद्या गावी अजून बैलांवर शेती करणारा कुणी भेटला की ज्याचं त्याला नेऊन द्यायचा. त्याच्यासाठी लोक चहा करायचे आणि पाठ वळली की हसायचे. वर्कशॉपातला मुकादम तर तोंडावर म्हणे, "व्हर्निअर, दिवसा ट्रॅक्टर नीट करतो अन् सुटीत त्याच्या सवतीची सेवा करतो का गा?"

दोन वर्षांमागं धोंडबाला लकवा झाला. उजवा हात गेला. बोटं आत वळून मूठ झाली ती उघडलीच नाही. गावात पस्तीसेक घरं अजून बैलांवरच पेरत होती. बाहेरून आलेल्या वाढयानं केलेल्या डवऱ्यांनी त्या वर्षी कितीतरी जणांची कपाशीची उभी पऱ्हाटी मुळापासून कापली. धोंडबा अंथरुणावर पडल्या पडल्या ती ओरड ऐकत होता. मुकुंद भेटायला गेला तर म्हणाला, "माह्या बापाच्या हातची एक तिफण होती बाबू, दोन डवऱ्यांसंगं. घरवाल्यांनी विकली ते सालं झाली. ते घावली तं माप घावलं. नाई तं माह्यासंगं जाईन."

मुकुंद ती दोन वर्षं शोधत होता. या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी ती डवऱ्यांसकट सापडली. सापडली तशी त्यानं फाटकाजवळ भिंतीला टेकवून ठेवली, आणि आश्चर्य म्हणजे खिशातला व्हर्निअर बाहेर काढला नाही.

"अरे, मग घे ना माप. एवढी दोन वर्षं त्याच्यामागं वणवण केलीस," गोपिकाबाई म्हणाल्या.

"धोंडबाचा निरोप आहे. पोळ्याच्या पंधरवड्यात बैलाला आराम, तसा औतालाही आराम. पोळ्यानंतर तो डाव्या हातानं चाचपणार, मग मी पट्टी लावायची."

"आणि तू ऐकलंस? आय.टी.आय.त हेच शिकवलं का?"

"ज्याचं माप त्याला विचारून घ्यावं, आई."

कागदावर चार आकडे लिहून ठेवले असते तर पुढचं काही झालंच नसतं. पण ते त्यानं लिहिले नाहीत, आणि गोपिकाबाईंनाही त्या आकड्यांचं काही वाटत नव्हतं. त्यांना दिसत होती ती फाटकातली अडगळ. पोळ्याच्या दोन दिवस आधी उमरेडची मंडळी मुलगा पाहायला आली. मुलीचे मामा आत येताना तिफणीच्या फणाला त्यांचं धोतर अडकलं आणि टरकन फाटलं. मामा हसतच बसले, चहा घेतला, आणि कप ठेवताना म्हणाले, "मुलगा वर्कशॉपात आहे म्हणून सांगितलं होतं तुम्ही. कबाडी आहे हे राहिलंच सांगायचं." उमरेडहून पुढं काही कळलं नाही. हे तिसरं स्थळ. त्या रात्री गोपिकाबाई अंथरुणात बसून होत्या. मी गेल्यावर हा कुणाच्या हातचं खाणार, या एका प्रश्नाला कुठल्याच बाजूनं उत्तर मिळत नव्हतं.

पोळ्याला मुकुंद धोंडबाच्या गावी गेला. परत येताना तिफण न्यायला तिकडूनच बैलबंडी ठरवून येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मारबत, घरादारातली ईडापीडा बाहेर घालवायचा दिवस. पहाटेच गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. ईडापीडा घेऊन जा गे मारबत. दाराशी उभी केलेली पळसाची मेढी उपटून लोक बाहेर फेकत होते, त्याबरोबर मोडकी झाडणी, फुटके माठ. गोपिकाबाईंनीही एक फुटकं सूप टाकलं. शिकलेल्या असल्या तरी सासूनं लावून दिलेली रीत त्यांनी मोडली नव्हती. शेजारच्या प्रयागबाई ओट्यावरून पाहत होत्या.

"सूप काय टाकून राहिल्या वं मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "तुमची पीडा तं फाटकात उभी हाये."

प्रयागबाई हसल्या, गोपिकाबाईही हसल्या. पण ते वाक्य आत जाऊन बसलं. तेवढ्यात नत्थू कबाडी त्याचा हातठेला ओढत गल्लीत शिरला, सणाला निघालेलं भंगार गोळा करायला. पुढचं सगळं पाव तासात झालं. नत्थूनं तिफण उचलली, दोन्ही डवरे उचलले, आणि तराजू काढू लागला.

"वजन नको करू. पीडेचे पैसे घेतात का?" गोपिकाबाई म्हणाल्या.

"मंग तुमची पीडा माह्या घरी नेऊ का, बाई?"

"लोखंडाला काही बाधत नाही. ने तू. आणि एक, माझ्या मुलानं विचारलं तर सांगू नको. शपथ आहे तुला."

नत्थूनं कानाला हात लावला आणि ठेला ओढत निघून गेला. गोपिकाबाईंनी फाटकाची कडी लावली, डोक्यावरून पाणी घेतलं. कितीतरी महिन्यांनी त्यांना हलकं वाटलं. मुकुंद चार शब्द बोलेल, दोन दिवस रुसेल, मग विसरेल, असा त्यांचा हिशेब होता.

संध्याकाळी तो आला. बंडी ठरवून, आनंदात. फाटकातच थबकला.

"आई, तिफण कुठं हलवलीस?"

आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "मी? मी नाही बाई पाहिली. सकाळी मारबतीची गर्दी होती गल्लीत..."

एकदा जीभ तिकडं वळली की मागं येता येत नाही. मुकुंदनं अंगण पाहिलं, मागची टिनाची पडवी पाहिली, प्रयागबाईंकडं विचारलं. त्या घरात नव्हत्या, लेकीकडं गेल्या होत्या. परत येऊन तो पायरीवर बसला.

"भला माणूस होता चोर," तो म्हणाला. "जाताना कडी लावून गेला."

गोपिकाबाईंनी चमकून त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्याच्या मनात संशयाचा लवलेशही नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना.

पुढचे दोन दिवस रजा टाकून तो सायकलवर सारी इतवारी फिरला, प्रत्येक कबाड्याकडं. नत्थूकडंही गेला. रोज रात्री हात धुवायला मोरीत जायचा आणि धुवायला काही नसायचं, कारण आता तो ढिगात हात घालतच नव्हता. नुसता विचारायचा आणि नाही म्हटलं की पुढं जायचा. चौथ्या दिवशी गणेशचतुर्थी. त्यानं मूर्ती आणली, पाटावर बसवली, आरती केली. मग चप्पल घालता घालता म्हणाला, "मी जाऊन धोंडबाला सांगून येतो. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"आज सणाचं? मग परत कधी येशील?"

"पाहतो."

तीस वर्षांत मुकुंदनं आईला असं उत्तर दिलं नव्हतं. बस चुकली तर शेजाऱ्याबरोबर निरोप धाडणारा मुलगा. गोपिकाबाई फाटकापर्यंत गेल्या. तो वळणावर दिसेनासा झाला तरी त्या तिथंच होत्या. मौद्याकडच्या विहिरी, कन्हान नदीवरचा पूल, नको नको ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी गणपतीपुढचं निरांजन तसंच ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा करून इतवारी गाठली.

त्यांचा बेत साधा होता. तिफण परत आणायची, फाटकात उभी करायची. चोराला पश्चात्ताप झाला म्हणायचं. वाटेत एक गोष्ट मात्र त्यांना छळत होती. सासूबाई सांगत, मारबतीबरोबर घालवलेलं परत बोलवायचं नाही, ते येताना एकटं येत नाही. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या बाई रिक्षात बसून पदराचं टोक मुठीत आवळत होत्या आणि स्वतःशी म्हणत होत्या, माझ्या माथी येऊ दे, त्याच्या नको.

नत्थूचा वाडगा, म्हणजे भंगाराचं आवार, एका अरुंद गल्लीच्या टोकाला होता. सण म्हणून माणसं नव्हती. नत्थू एकटाच खाटेवर बसून प्रसाद खात होता. त्यांना पाहून उभा राहिला.

"परत पाहिजे?" सगळं ऐकून तो म्हणाला. "बाई, मारबतीले देल्लेलं कोणी परत नेते का?"

"मी नेते."

"तुमच्या पोराले म्या डोळ्यात डोळे घालून खोटं सांगितलं. तुमच्या शपथेपायी. बिचारा उन्हात उभा होता. म्हणे, नत्थूभाऊ, दिसली तं लाकूड तोडू नको, मले सांग."

गोपिकाबाईंनी वाडग्यातल्या ढिगांवरून नजर फिरवली.

"डवरे गेले," नत्थू पुढं म्हणाला. "काल चहावाल्यानं लाकूड नेलं, पाती त्या ढिगात हायेत, हुडकत बसा. तिफण हाये. पोराच्या नजरेले पडू नये म्हणून आतल्या गोदामात टाकली होती. या."

गोदामाचं दार उघडलं आणि गोपिकाबाई उंबऱ्यातच थांबल्या. आत तिफणींची रास होती. एकीवर एक, फणांत फण अडकलेल्या.

"हे काय?"

"परवाच्या दिवशी एका मालगुजाराचं कोठार खाली झालं. दहा तिफणी आल्या एकदम. पोरांनी तुमचीबी त्यातच घालून सारी रास पुन्हा रचली. भट्टीवाल्या सेठनं सारा माल घेतला. उद्या सकाळी सातले लाकूड तोडणारे येतीन, मंग ट्रक. मोजून घ्या, अकरा हायेत. तुमची कोणती ते सांगा, आत्ता ठेल्यावर घालून देतो."

गोपिकाबाई पुढं झाल्या. आठ दिवस ही तिफण त्यांच्या फाटकात होती. येता जाता त्यांनी तिला पदर लागू दिला नव्हता. दोनदा तर तिच्या आडव्या खोडावर ओलं पातळ वाळत घातलं होतं. त्यांनी पहिलीवर हात ठेवला. काळपट बाभूळ, तीन फण. दुसरी. काळपट बाभूळ, तीन फण. एकीचं चाडं तडकलेलं होतं. त्यांच्याकडच्याचं तडकलेलं होतं का? नत्थू एकेक ओढून भिंतीला टेकवत गेला. खडूची अक्षरं कुठंच नव्हती; असलीच तर पावसात धुऊन गेली असतील. अकरा तिफणी ओळीनं उभ्या राहिल्या आणि गोपिकाबाई त्यांच्यासमोरून एकदा गेल्या, परत आल्या, परत गेल्या. शाळेत पन्नास मुलींच्या पन्नास वह्या त्या नाव न पाहता अक्षरावरून ओळखायच्या.

"ओळखू नाई आली?" नत्थूनं विचारलं.

त्याला आवाजातली चेष्टा लपवता आली नाही, पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं मान खाली घातली.

आणि त्यांना आठवलं. तिफण आणली त्याच संध्याकाळी मुकुंदनं अंगणातून हाक मारली होती. आई, इकडं ये, धोंडबाच्या बापानं खूण करून ठेवली आहे, पाहा कुठं ते, कुणाला सापडायची नाही. त्या घटक चाचणीच्या वह्या तपासत होत्या. येते रे, एवढी वही होऊ दे, म्हणाल्या होत्या. त्यानं पुन्हा एकदा हाक मारली होती. मग तो तिथूनच मोठ्यानं सांगत होता, खूण कुठं आहे, कशी आहे, का तशी केली आहे. सगळं सांगितलं होतं त्यानं. त्या हो हो म्हणत होत्या आणि लाल शाईनं गुण घालत होत्या. त्यातला एक शब्द त्यांना आता आठवेना. त्यांनी डोळे मिटले, ती संध्याकाळ परत उभी केली. वह्या दिसल्या, शाई दिसली, मुकुंदचा आवाजही ऐकू आला. शब्द नाही.

त्यांनी खाली वाकून एकीच्या पोटाखाली बोटं फिरवली. खाचा होत्या. दुसरीलाही होत्या. कुणाच्या हातच्या, कशाच्या, कोण सांगणार?

"नत्थू, सगळ्याच दे मला. अकराही."

"माह्या असत्या तं दिल्या असत्या. सेठचा माल हाये. तुमची एक देतो, ते वजनात धरली नाई. दहा कोठून देऊ?"

"मग उद्याचं काम थांबव."

"मी थांबवणारा कोण?" नत्थू खाटेवर टेकला. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "बाई, एक सांगू का? कोणतीही न्या. पोराले का समजते? तिफण भेटली म्हणून खुश होईन. म्हातारा तं मरणाच्या दारात हाये."

गोपिकाबाईंचा हात एका तिफणीवर होताच. त्यांनी तो काढला नाही. खरं म्हणजे त्यांनी तिला थोडं पुढंही ओढलं. जड होती. घरी नेली असती, मुकुंदला निरोप गेला असता, तो धावत आला असता. त्याला कळलं असतं का? कळलं असतं तर आई दोनदा खोटं बोलली हेही कळलं असतं. आणि नसतं कळलं तर? तर तो या परक्या तिफणीला व्हर्निअर लावून नीट, चोख, चुकीचं माप घेणार. त्या मापाचे डवरे पस्तीस घरांत जाणार. पुढच्या पावसाळ्यात लोक आपल्या हातानं आपली पऱ्हाटी कापत जाणार, आणि म्हणणार, हे व्हर्निअरवाल्या मुकुंदानं दिलं.

त्यांनी तिफण भिंतीला परत टेकवली.

"इथं टेलिफोन कुणाकडं आहे?"

"समोर भांडेवाल्याकडं. पण कोणाले करता?"

"ज्याला खूण ठाऊक आहे त्याला," त्या म्हणाल्या आणि गल्ली ओलांडली. भांडेवाल्याच्या दुकानात पितळी पातेल्यांच्या उतरंडीपुढं गणपती बसला होता. मालक उपरणं घेऊन आरतीला उभा होता. त्यानं मानेनंच गल्ल्याजवळचा काळा टेलिफोन दाखवला. मौद्याला गोपाळराव बियाणंवाल्याच्या घरी फोन होता. मुकुंद त्याच्याकडं एक दुसरी, जुनी सायकल ठेवायचा, धोंडबाच्या गावी जाताना ती घ्यायचा आणि येताना तिथंच परत लावून बसची वाट पाहायचा. नंबर गोपिकाबाईंच्या पर्समधल्या छोट्या वहीत होता. तिकडून शेवटची बस साडेसहाला सुटते. आता चार वाजले होते.

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि एक्स्चेंजच्या मुलीला मौद्याचा नंबर सांगितला.

"ट्रंक कॉल. साधा की पी.पी.?" तिनं विचारलं.

साधा म्हणजे जो उचलेल त्याच्याशी बोलायचं. गोपाळराव उचलणार. त्यांना सांगितलं, मुकुंद आला की म्हणावं आईची तब्येत बरी नाही, लगेच ये, तर तो शेवटच्या बसनं येईल. धापा टाकत येईल. आल्यावर हळूहळू सांगता येईल, आधी चहा देऊन, आधी जेवू घालून. गोपिकाबाईंना हे सगळं एका क्षणात लख्ख दिसलं, आणि ते किती सोपं आहे तेही दिसलं. पण तसा निरोप मिळाला तर तो धावत महालात घरी जाईल, इथं नत्थूकडं नाही. इथं काय आहे ते त्याला ठाऊक असल्याशिवाय तो इथं येणार कसा? आणि ते तिसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

आरतीच्या टाळ्या चालू होत्या. त्यांनी दुसऱ्या कानावर हात दाबला.

"बाई, साधा की पर्टिक्युलर पर्सन? पी.पी.ला जास्त वेळ लागेल. तो माणूस तिथं आला तरच जोडून देईन."

"पी.पी.," गोपिकाबाई म्हणाल्या. "नाव लिहून घ्या. मुकुंद. तो येईपर्यंत मी इथंच थांबते."